समुद्रांतील विहिरींची नाडीपरीक्षा

सासवण्यापासून चौल-रेवदंड्यापर्यंतच्या समुद्रकांठच्या पट्ट्यास अष्टागर असें जुनें नांव आहे. नारळी-पोफळीच्या तेथील वाड्यांना विहिरींचाच आधार; आणि जाणता वाडीवाला आपल्या विहिरीचा स्वभाव घरांतल्या माणसाच्या स्वभावाप्रमाणें ओळखून असतो. पूर्वीं विहिरीवर बैलाचा रहाट फिरे, आतां पंप चालतो. पण पाहण्याची दृष्टि तीच राहिली आहे. उपसा चालू असतांना पाणी किती खालीं गेलें, हें तर तो पाहतोच. परंतु उपसा थांबल्यावर तें किती वेळांत पुन्हां चढलें, याकडे त्याचें लक्ष अधिक असतें. दुपारच्या विसाव्यांत पाणी भराभर वर आलें, तर झरा जिवंत आहे. संध्याकाळपर्यंत तें रेंगाळत राहिलें, तर झरा अशक्त झाला आहे किंवा त्याच्या तोंडाशीं गाळ बसला आहे. शिवाय वाडीवाल्यास आणखी एक सोय असते. कांठावरून वांकून पाहिलें कीं झरे डोळ्यांना दिसतात. वर मुरमांतून ओलावा पाझरत असतो, खालीं काळ्या दगडाच्या चिरेंतून धार लागलेली असते. कोणाचें देणें किती, हें त्यास कोणीं सांगावें लागत नाहीं.

त्याच किनाऱ्याच्या पश्चिमेस, क्षितिजाच्या पलीकडे, अशाहि विहिरी आहेत कीं ज्यांत वांकून पाहण्याची सोय नाहीं. १९७४ सालच्या ३१ जानेवारीस ‘सागर सम्राट’ या वेधनमंचानें भर समुद्रांत पाय रोवून एका विहिरीच्या खोदाईस आरंभ केला, आणि १९ फेब्रुवारीस तींत तेल लागलें. तेंच मुंबई हाय हें तेलक्षेत्र. मुंबईपासून तें दीडशेंहून अधिक किलोमीटर दूर आहे आणि तेथें समुद्र सुमारें ७५ मीटर खोल आहे. २१ मे १९७६ पासून तेथून तेल काढण्यास सुरुवात झाली. पुढें समुद्रतळावरून नळ घालण्यांत आले, आणि तें तेल व तो वायु उरणास येऊं लागला. त्या वेळीं उरण कुलाबा जिल्ह्यांत होतें. १९८१ पासून त्या जिल्ह्यास रायगड हें नांव मिळालें. उरणच्या कारखान्यांत त्या वायूपासून स्वयंपाकाचा गॅस वेगळा होतो, आणि अलिबागजवळच्या थळ येथील खतांचा कारखानाहि याच वायूवर चालतो. शहरांतील चूल आणि खेड्यांतील शेत, या दोहोंचे धागे अशा रीतीनें त्या न दिसणाऱ्या विहिरींशीं जोडले गेले आहेत.

या विहिरींच्या पोटांत काय चाललें आहे, हें वर उभ्या असलेल्या माणसास कळावें कसें? तेल व नैसर्गिक वायु महामंडळाची उत्पादनविषयक संशोधनसंस्था रायगड जिल्ह्यांतच, पनवेलला आहे. आणि अशा संस्थेंतील तज्ज्ञांपुढें जे प्रश्न रोज येतात, त्यांत हा अग्रभागीं असतो. त्याचें उत्तर शोधण्याची मुख्य रीत वाडीवाल्याचीच आहे. विहीर कांहीं काळ वाहूं द्यावयाची, मग झडप बंद करावयाची, आणि तळाशीं सोडलेल्या सूक्ष्म दाबमापकावर दाब कसकसा चढत जातो, हें क्षणाक्षणाला टिपून ठेवावयाचें. याच क्रियेस विहिरीची दाबपरीक्षा म्हणतात.

भूगर्भांत तेलाचें तळें असतें, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः तेल असतें तें खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत, पाणी पिऊन ओल्या झालेल्या विटेप्रमाणें. मुंबई हायचा मुख्य सांठा चुनखडकांत आहे. सुमारें दोन कोटि वर्षांपूर्वीं उथळ, उबदार समुद्रांत सांचलेला हा खडक आज समुद्रतळाखालीं हजार मीटरांहून अधिक खोल गाडला गेला आहे. इतक्या खोलीवर दाब आपल्या भोंवतालच्या हवेच्या दाबाच्या शंभर पटींहून अधिक असतो. विहीर उघडली कीं तिच्या आसपासचा दाब उतरतो, दाबलेलें तेल किंचित् प्रसरण पावतें आणि विहिरीकडे सरकतें. दाबाची ही उतरण तळ्यांत टाकलेल्या खड्याच्या तरंगाप्रमाणें दूर दूर पसरत जाते. खडक मोकळा असेल तर ती लवकर पसरते, घट्ट असेल तर सावकाश. म्हणून दाब आणि वेळ यांचें कोष्टक हें एका अर्थीं खडकाच्या अंतरंगाचें वर्णनच असतें. मात्र तें वाचतां आलें पाहिजे.

वाचण्याची युक्ति प्रथम पाण्याच्या विहिरींकडूनच आली. अमेरिकन भूजलशास्त्रज्ञ थाइस यांनीं १९३५ मध्यें दाखवून दिलें कीं, जमिनींतील पाण्याची हालचाल आणि धातूंतील उष्णतेची हालचाल या दोहोंना एकच गणित लागू पडतें. त्याच विचारसरणीनें १९५१ मध्यें हॉर्नर यांनीं बंद केलेल्या तेलविहिरीचा दाब विशिष्ट प्रकारच्या कालमापावर मांडला. या मापावर एक ते दहा तास आणि दहा ते शंभर तास हीं अंतरें कागदावर सारखींच दिसतात. असें मांडलें असतां वक्र रेषा सरळ होते. तिच्या उतारावरून खडकाचा मोकळेपणा कळतो. आणि ती अपेक्षेहून किती वर किंवा खालीं सरकली आहे, यावरून विहिरीच्या तोंडाशीं गाळ बसला आहे कीं काय, हें कळतें. वाडीवाल्याच्या अनुभवास येथें आंकड्यांची जोड मिळाली.

परंतु हा हिशेब साध्या विहिरीचा झाला. विहीर भेगाळलेली असली कीं सारें बदलतें. पुष्कळ ठिकाणीं खडक इतका घट्ट असतो कीं विहिरीपर्यंत तेल येतच नाहीं. अशा वेळीं द्रव अतिशय जोरानें आंत रेटून खडकास मुद्दाम चीर पाडतात, आणि ती मिटूं नये म्हणून तींत वाळू भरतात. या उपायाचा पहिला प्रयोग १९४७ मध्यें अमेरिकेंतील कॅन्सस संस्थानांत झाला आणि १९४९ पासून तो व्यवहारांत आला. चुनखडकांत वाळूऐवजीं पुष्कळदां अम्लाचा उपयोग करितात. शहाबादी फरशीवर लिंबाचा रस सांडला तर ती तेथें खरखरीत होते, हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. ती फरशीहि चुनखडकच. लिंबाच्या जागीं तीव्र अम्ल आणि फरशीच्या जागीं भूगर्भांतला थर कल्पावा, म्हणजे अम्लानें चिरेच्या भिंती कुरतडल्या जाऊन वाट कशी मोकळी राहते, हें ध्यानांत येईल. याखेरीज भूकंपांनीं व भूस्तरांच्या हालचालींनीं निसर्गतः पडलेल्या भेगा असतात त्या निराळ्याच.

भेग असलेल्या विहिरीकडे तेल चहूंकडून गोल येत नाहीं. लांब भेगेच्या दोन्ही बाजूंनीं, रस्त्याच्या दुतर्फा जमलेले लोक एकदम रस्त्यावर उतरावेत तसें, तें प्रथम भेगेंत उतरतें आणि भेगेंतून विहिरीकडे धांवतें. १९७४ मध्यें, म्हणजे मुंबई हायला तेल लागलें त्याच वर्षीं, ग्रिंगार्टन, रेमी व राघवन यांनीं या प्रवाहाचें गणित प्रसिद्ध केलें. भेग अगदीं मोकळी असेल तर दाबाची घट वेळेच्या वर्गमूळाच्या प्रमाणांत होते. वेळ चौपट झाला कीं घट दुप्पट. भेगेंतच थोडा अडथळा असेल, तर घट याहूनहि मंद गतीनें वाढते आणि ती दुप्पट होण्यास वेळ सोळापट व्हावा लागतो, असें पुढें सिन्को-ले व सामानियेगो यांनीं दाखविलें. म्हणजे नुसत्या रेषेच्या चढणीवरून भेग आहे कीं नाहीं, ती किती लांब आहे आणि कितपत मोकळी आहे, हें ओळखतां येतें. न पाहिलेल्या वस्तूची लांबी दाबाच्या चालीवरून सांगणें, हा मानवी बुद्धीचा लहानसा विजय नव्हे.

येथवर सर्व ठीक होतें. खरी अडचण आहे ती थरांची. मुंबई हायचा मुख्य चुनखडक हा एकसंध दगड नाहीं. घरांतील अंथरुणांच्या चळतीप्रमाणें त्याचे थरांवर थर आहेत, आणि मधूनमधून चिकणमातीच्या दगडाचे पातळ पापुद्रे त्यांना एकमेकांपासून अलग करितात. एक थर मोकळा असतो तर त्याच्या शेजारचा घट्ट. एकाची जाडी अधिक, दुसऱ्याची कमी. या सर्वांना भेदून एकच विहीर जाते आणि सर्वांचें तेल एकाच नळांतून वर येतें. दाबमापक मात्र एकच असतो. तो जो दाब दाखवितो, तो अनेक थरांच्या बोलण्याचा मिळून झालेला एक आवाज होय. आणि तो एकाच तोंडांतून निघालेला शब्द आहे असें समजणें, ही या शास्त्रांतील सर्वांत महागडी चूक होय.

एका काल्पनिक उदाहरणानें हें स्पष्ट होईल. सारख्याच जाडीचे दोन थर आहेत असें समजावें. पहिला थर दुसऱ्याहून शंभर पट मोकळा आहे. पण पहिल्यांत भेग फक्त १० मीटर गेली आहे आणि दुसऱ्या, घट्ट थरांत ती १०० मीटर गेली आहे. विहीर उघडतांच अगदीं आरंभीं प्रत्येक थराचें देणें भेगेची लांबी आणि मोकळेपणाचें वर्गमूळ यांच्या गुणाकारावर अवलंबून असतें. शंभराचें वर्गमूळ दहा. त्यास दहानें गुणलें कीं शंभर. एकाचें वर्गमूळ एक; त्यास शंभरानें गुणलें कीं पुन्हां शंभरच. म्हणजे आरंभीं दोन्ही थर अगदीं समसमान तेल देतात! परंतु ही समता टिकावयाची नसते. भेगेच्या प्रभावाचा काल लांबीच्या वर्गाबरोबर वाढतो आणि मोकळेपणाबरोबर घटतो. हिशेब केला असतां असें दिसतें कीं, दुसऱ्या थरांत तो काल पहिल्या थराच्या दहा हजार पट लांबतो. एका थरांत जो खेळ एका मिनिटांत संपतो, तो दुसऱ्यांत जवळजवळ सात दिवस चालतो. अखेरीस दोन्ही थरांतील भेगांचा जोर ओसरल्यावर, तेलाचा फार मोठा भाग एकट्या मोकळ्या थरांतून येऊं लागतो.

आतां या विहिरीचा आलेख ज्याच्या पुढें येईल, त्यानें काय समजावें? नुसता आरंभ पाहिला तर दोन्ही थर सारखे वाटतील. नुसता शेवट पाहिला तर विहीर उत्तम, खडक मोकळा, असा निर्वाळा मिळेल. मधल्या भागांत एका थराची एक चाल आणि दुसऱ्याची दुसरी, असें मिश्रण होऊन अशी एक रेषा उमटेल कीं जी वस्तुतः कोणत्याच भेगेची नव्हे. ‘भेग इतके मीटर लांब आहे’ असें एक उत्तर त्या रेषेंतून निघेलहि. परंतु तेवढ्या लांबीची भेग दोहोंपैकीं एकाहि थरांत असणार नाहीं. १९८६ मध्यें बेनेट, राघवन व रेनल्ड्स यांनीं अनेक थरांना छेदणाऱ्या भेगेचें गणित मांडलें. थरांच्या गुणांची बेरीज योग्य रीतीनें घेतली तर एका थराचीं सूत्रें येथेंहि पुष्कळ अंशीं उपयोगीं पडतात, हा त्यांतला दिलासा. आणि हातीं येतें तें सर्व थरांचें मिळून एक मान असतें, हा त्यांतला इशारा.

विहीर बंद केल्यावर आणखी एक चमत्कार घडतो. वर झडप घट्ट लावलेली असते, नळांतून एक थेंबहि बाहेर येत नसतो. परंतु खालीं निजानीज झालेली नसते. ज्या थरांतून पुष्कळ तेल गेलें त्याचा दाब उतरलेला असतो आणि ज्यांतून थोडें गेलें त्याचा टिकून असतो. तेव्हां चढ्या दाबाच्या थरांतील तेल विहिरीच्या नळांतूनच उतरल्या दाबाच्या थरांत शिरूं लागतें. वर शांतता आणि तळाशीं देवघेव! थरांच्या सांठ्याचा दाब स्थिर होण्यास एकजिनसी सांठ्याहून फार अधिक काळ लागतो, हें लेफ्कोविट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९६१ मध्येंच दाखविलें होतें. त्यांच्या आलेखांत दाब चढतो, मध्येंच सपाट होतो, आणि संपला असें वाटत असतांना पुन्हां चढूं लागतो. ज्यानें त्या सपाटीलाच शेवट मानून विहीर उघडली, त्यानें सांठ्याचा दाब खऱ्याहून कमी धरला असें होतें.

हा केवळ विद्वानांचा वाद असता तर त्यासाठीं एवढा वेळ खर्चण्याचें कारण नव्हतें. पण या आलेखावरून निर्णय घ्यावयाचे असतात. विहीर मंदावली म्हणून तींत अम्ल सोडण्याचें ठरतें. अम्लहि पाण्यासारखेंच, त्यास सोपी वाट आवडते. तें घट्ट थराकडे न जातां, जो आधींच मोकळा आहे त्याच थरांत शिरतें आणि त्यास अधिकच मोकळा करितें. श्रीमंताच्या घरीं आणखी लक्ष्मी जावी आणि गरजू उपाशी रहावा, तसाच हा प्रकार. त्या दिवशीं विहीर जोरानें वाहते आणि उपाय यशस्वी झाल्याचा अहवाल लिहिला जातो. परंतु दाब टिकविण्यासाठीं अशा क्षेत्रांत इतर विहिरींतून समुद्राचें पाणी आंत सोडण्यांत येतें. तें पाणीहि त्याच मोकळ्या थरांतून धांवत येतें आणि कांहीं काळानें तेलाऐवजीं पाणीच हातीं लागूं लागतें. घट्ट थरांतील तेल मात्र जागच्या जागीं राहतें. पांढऱ्या कपड्यास पडलेल्या डागाप्रमाणें ही चूक धुवून निघत नाहीं. पाण्यानें एकदां केलेली वाट बुजविणें अत्यंत कठीण असतें. ज्या देशास आपल्या गरजेच्या चार-पंचमांशांहून अधिक खनिज तेल बाहेरून विकत घ्यावें लागतें, त्यास असा मागें राहिलेला सांठा परवडणारा नव्हे.

यावर उपाय नाहींत असें नाहीं. त्यांचें सार एका वाक्यांत सांगतां येईल: प्रत्येक थरास वेगळें बोलूं द्यावें. विहिरींत तारेच्या टोकाशीं एक लहानशी चक्री सोडतात. ती ज्या उंचीवर जितक्या वेगानें फिरेल, त्यावरून तेथपर्यंत किती तेल आंत आलें हें कळतें, आणि एका थराच्या खालचा व वरचा आंकडा वजा केला कीं त्या थराचें देणें हातीं येतें. अशा प्रकारें दाबाबरोबर प्रत्येक थराचा प्रवाहहि मोजून दोहोंचा एकत्र विचार करण्याची पद्धत १९८० नंतरच्या दशकांत रूढ झाली. कधीं रबरी बुचांनीं विहिरीचा एकच भाग अडवून तेवढ्याच थराची परीक्षा घेतात. झडप वर न लावतां तळाशीं, थराच्या अगदीं जवळ लावणें, हाहि एक महत्त्वाचा उपाय आहे. वरून झडप बंद केली तर आरंभीं कांहीं काळ नळांत सांठलेलें तेल व वायुच दाबले जात राहतात आणि थराचा आवाज त्या गडबडींत बुडून जातो; आणि भेगेची खूण तर नेमकी त्या आरंभींच्या काळांतच असते. अम्ल सोडतांनाहि सोपी वाट तात्पुरती अडवून तें घट्ट थराकडे वळवितां येतें. मात्र कोणती वाट अडवावयाची, हें आधीं माहीत असावें लागतें.

सर्वांत कठीण गोष्ट यंत्रांची नसून धीराची असते. विहीर बंद ठेवली कीं त्या प्रत्येक तासाचें तेल त्या दिवसापुरतें तरी बुडतें, आणि भर समुद्रांत मंच, नौका व माणसें यांचा खर्च चालूच राहतो. उत्पादनाची जबाबदारी ज्याच्यावर आहे, तो म्हणतो, आतां उघडा. परीक्षेची जबाबदारी ज्याच्यावर आहे, तो म्हणतो, आणखी दोन दिवस थांबा. दोघेहि आपापल्या जागीं खरे असतात. थरांच्या आणि भेगांच्या सांठ्यांत या दोन दिवसांचें मोल कधीं कधीं पुढच्या दहा वर्षांच्या उत्पन्नाइतकें असूं शकतें. आणि कधीं त्यांतून नवें कांहींच कळत नाहीं. कोणत्या विहिरीस किती थांबावें, हें आधीं गणित करून ठरविणें, हेंच या शास्त्राचें आजचें खरें काम आहे. नुसतीं सूत्रें पाठ असून भागत नाहीं. खडकाचे नमुने, शेजारच्या विहिरींचा अनुभव आणि प्रवाहाचीं मापें यांच्या साक्षीशीं ताडून पाहिल्याशिवाय दाबाच्या रेषेवर विसंबूं नये, असा दंडक अनुभवी लोक पाळतात. एकच रेषा तीन निरनिराळ्या रचनांना सारखीच जुळूं शकते, हें त्यांनीं पुष्कळदां पाहिलेलें असतें.

अष्टागरांतील वाडीवाला दुपारीं विहिरीच्या कांठाशीं बसून पाणी चढण्याची वाट पाहतो, तेव्हां तो आळस करीत नसतो. तेवढ्या वेळांत विहीर त्यास आपली हकीकत सांगत असते. क्षितिजाच्या पलीकडे समुद्रांतील मंचावर बसलेला तंत्रज्ञहि तेंच करीत असतो. अंतर एवढेंच, कीं वाडीवाल्यास झरे दिसतात आणि तंत्रज्ञास ते तर्कानें निरनिराळे करावे लागतात. एका आंकड्यावर समाधान न मानतां, त्यामागें किती जण बोलत आहेत हें विचारण्याची संवय ज्यास लागली, त्याच्याच हातून भूमीच्या पोटांतील हा ठेवा पूर्णपणें वर येण्याची आशा आहे.